अकरा एकांचा आकडा आणि माझी ओसरी

श्री. त्र्यंबकराव मास्तरांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मीही चार पानं लिहावीत, असं समितीच्या मंडळींनी घरी येऊन सांगितलं. माझं शिक्षण दुसऱ्या यत्तेपर्यंतचं. अकोल्यात मोरणेच्या काठी आमचा मळा आणि बाजारात भाजीचं दुकान. मास्तरांच्या गणिताची थोरवी सांगायला शिकलेली माणसं पुष्कळ आहेत, ती सांगतीलच. पण मास्तर कित्येक वर्षं माझ्या घरी बिऱ्हाडकरू होते, आणि त्यांच्या हाताखालून गेलेला प्रत्येक विद्यार्थी ज्या एका वाक्यावरून त्यांना ओळखतो, ते वाक्य माझ्या ओसरीवरचं आहे. मुलाचं उत्तर चुकलं की मास्तर रागावत नाहीत. पाटीवर वाकतात आणि विचारतात, “कुठं सारवलं रे?” हे कुठून आलं ते त्यांनी कोणाला सांगितलेलं दिसत नाही. तेव्हा मी सांगते.

पहिली ओळख बाजारात झाली. संत्र्यांचे दिवस होते. काळा कोट घातलेले, पायावर धूळ बसलेले एक तरुण गृहस्थ माझ्या पाटीसमोर उभे राहिले आणि त्यांनी डझनभर संत्री मागितली. मी मोजायला लागले. लाभ, दोन, तीन, चार.

“मावशी, एक कुठी गेला?”

“एकाले आमी लाभ म्हनतो. तुमी कोन्या गावचे?”

“दर्यापूरचा.”

“मंग दर्यापुरात काय एक म्हनते?”

“तिथंबी लाभच म्हनते. मले आयकाचं होतं.”

बारा झाली, तशी मी वर एक टाकलं. त्यांनी ते परत पाटीत ठेवलं. मी पुन्हा त्यांच्या पिशवीत टाकलं. “घ्या गुमान. वर एक देल्ल्याशिवाय माझा माल पाटीतून उठत नाई.” तर हे गृहस्थ तिथंच उकिडवे बसले आणि संत्री मांडू लागले. दोन-दोनच्या ओळी केल्या, तीन-तीनच्या केल्या, चारच्या, सहाच्या. दर वेळी एक संत्रं उरे.

“पाहा मावशी. बारा होते तवा कसेबी बसत होते. तुमी वर एक देल्लं आन् आकडा हट्टी झाला. आता हा कोन्याच ओळीत बसत नाई.”

मागं गिऱ्हाइकं खोळंबली होती. मी म्हटलं, “तो हट्टी असो का गरीब असो, तुमी बाजूले बसा.” ते बाजूला बसले आणि त्यांनी विचारलं, की मी नवीन आलेला शिक्षक आहे, इथं कुठं खोली मिळेल काय. माझ्या घरी ओसरीच्या दोन टोकांना दोन खोल्या होत्या. एकीत कांदे असत. दुसरी मी त्यांना दिली.

मास्तरांची पत्नी यमुनाबाई आणि दोन लहान मुली दर्यापूरला सासू-सासऱ्यांजवळ होत्या. एका खोलीत चौघांचा संसार मांडायचा कुठं, म्हणून मास्तर एकटेच राहत. शाळेतून आले, की हातपाय धुऊन ओसरीवर बसत आणि शिरगोळ्याच्या खड्यानं जमिनीवर भागाकार मांडत. शिरगोळा मी देत असे, माझ्या रांगोळीतला. मी एकदा म्हटलं, “शाळेत खडूचा डबा भरला हाये, त्यातले चार आनत जा.” मास्तर म्हणाले, “तो शाळेतल्या फळ्याचा हाये.” बास, एवढंच. पुन्हा मी तो विषय काढला नाही. पाटीवर का मांडत नाही असं विचारलं, तर म्हणाले, पाटी पुरत नाही, आकडा मोठा आहे.

आकडा खरोखरच मोठा होता. अकरा वेळा एक लिहायचा. अकरा अब्ज, अकरा कोटी, अकरा लाख, अकरा हजार, एकशे अकरा. मास्तर तो वाचून दाखवत, तेव्हा लग्नात मंगलाष्टकं म्हणतात तसं वाटे. त्यांना एवढंच पाहायचं होतं, की हा आकडा संत्र्यांसारखा सारख्या ओळींत बसतो, की हट्टी आहे. दोन एकांचा आकडा, म्हणजे अकरा, हट्टी आहे हे मलाही कळतं. तीन एकं तुटतात, सदतीस त्रिक. चार एकं अकरानं तुटतात. पाच एकं मला वाटलं तुटणार नाहीत, तर मास्तरांनी एकेचाळीस आणि दोनशे एकाहत्तर असे दोन तुकडे माझ्यासमोर ठेवले. असे दहा एकांपर्यंत सगळे तुटतात. अकरा एकांचा मात्र तुटत नव्हता. मास्तरांचं मत होतं, की तो तुटणारच नाही. पण मत असून भागत नाही, एकेक आकड्यानं भागून पाहावं लागतं.

सगळ्या आकड्यांनी भागायचं म्हटलं असतं, तर मास्तर माझ्याच ओसरीवर म्हातारे झाले असते. त्यांनी त्यात वाट शोधली होती. अकरा एकं ज्या आकड्यानं तुटतील, तो आकडा बावीस-बावीसच्या ओळींत मांडला, तर वर बरोबर एकच उरला पाहिजे. का, ते त्यांनी मला पुन्हा पुन्हा सांगितलं. मला समजलं नाही आणि मी समजल्याचं सोंगही केलं नाही. पण वर एक म्हणजे काय ते मला कोणी सांगायला नको. तेव्हा वर एक असलेले, आणि स्वतः न तुटणारे, एवढेच आकडे घ्यायचे आणि एक लाख पाच हजारांच्या थोडं पुढपर्यंत जायचं. तिथवर काही सापडलं नाही, तर पुढं पाहायची गरज नाही. हे काम मास्तरांनी वर्षानुवर्षं केलं. जाता-येता मी विचारी, “वर काय उरलं?” ते उरलेली बाकी सांगत. ती कधीच शून्य नसे.

त्यांची एक शिस्त होती. त्या दिवशीचे आकडे ओसरीच्या कडेला ओळीनं लिहायचे आणि भागून झाला, की त्या आकड्यावर रेघ मारायची. माझीही एक शिस्त होती. ओसरी दर सोमवारी शेणानं सारवायची. मास्तर रविवारी सगळे आकडे संपवून ठेवत. सोमवारी संध्याकाळी येत, तेव्हा ओसरी कोरी असे आणि ते पुढचे आकडे मांडत. ओसरी कोरी, म्हणजे मागचं काम पूर्ण, असं त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं. पोळ्याला ते दर वर्षी दर्यापूरला जात. यमुनाबाई दारातच विचारत, “कुठवर आलं?” मास्तर जो आकडा चालू असेल तो सांगत. दुसऱ्या घरात नवरा-बायको असल्या वेळी काय बोलत असतील कोण जाणे, यांच्यात हे चाले.

शेवटी ते एक लाख पाच हजारांच्या पार गेले. काही सापडलं नाही. मास्तरांनी आपल्या हेडमास्तरांना सांगितलं, हेडमास्तरांनी अमरावतीला लिहिलं. तिकडच्या मोठ्या शाळेत गणिताच्या मुख्य शिक्षकाची जागा रिकामी होती. शाळेजवळच राहायला घरही मिळणार होतं. अमरावतीच्या हेडमास्तरांनी कळवलं, की पोळा झाला की इथं येऊन अकरा एकांवर व्याख्यान द्या, मंडळींना तुमची ओळख होऊ द्या, म्हणजे मला तुमचं नाव नागपूरला शिक्षणखात्याकडं पाठवता येईल. मास्तरांनी दर्यापूरला निरोप धाडला, की दिवाळी आपण एका घरात करू. यमुनाबाईंनी तिकडं भांडी बांधायला घेतली.

व्याख्यानाची तयारी करायची म्हणून त्या वर्षी मास्तर पोळ्याला गावी गेले नाहीत. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी शेणाची पाटी घेऊन ओसरीवर आले. मास्तर मधोमध बसले होते.

“उठा मास्तर. सारवाचं हाये.”

“आज सोमवार कुठी हाये, मावशी?”

“उद्या पोया हाये. बैल दारात येतीन. शिळ्या ओसरीवरून आरती ओवाळू काय?”

“दर साली सारवता?”

“तुमी दर्यापुरात असता, तुमाले कसं दिसन? दर साली सारवतो.”

मास्तर उठले नाहीत. मी पाटी खाली ठेवली. त्यांनी हळूच विचारलं, “मी गावी जातो तवा आकडे अर्धे राह्यले असते कदी कदी. त्यायच्यावर रेघ नसन मारेल.”

“मी रेघ पाहू का शेन पाहू?” मी म्हटलं.

हे मी जसं घडलं तसं लिहिलं आहे. नंतर लोकांनी याला बरीच शेपटं लावली. ओसरी माझी होती आणि सणाच्या आदल्या दिवशी ती सारवायचीच असते. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही, आजही वाटत नाही, आणि मास्तरही कधी मला एका शब्दानं बोलले नाहीत. ते फक्त म्हणाले, “आज सारवून घ्या. मी उद्या बसतो.”

दर पोळ्याला यमुनाबाईंना कुठवर आलं ते सांगितलेलं असल्यामुळे, कोणत्या जागी ओसरी मधेच पुसली गेली ते मास्तरांच्या लक्षात होतं. जेवढे पोळे, तेवढ्या जागा. दुसऱ्या दिवशी गावात बैल सजून चालले होते, घुंगरं वाजत होती, आणि मास्तर ओसरीच्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून त्या जुन्या जागा भागत होते. मी बैलांना नैवेद्य दाखवून आत येत होते. जाता जाता सवयीनं विचारलं, “वर काय उरलं?”

मास्तर म्हणाले, “काई नाई.”

मला वाटलं, पुरणपोळीला नाही म्हणताहेत. मग त्यांच्या हाताकडं पाहिलं. शिरगोळ्याचा खडा थांबला होता. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास. बावीसच्या ओळींत मांडला तर वर एक. त्या आकड्यानं अकरा एकं पुरती तुटत होती. दुसरा तुकडा पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस. बाकीच्या पोळ्यांच्या जागी काहीही सापडलं नाही. जो एकच आकडा सापडायचा होता, तो नेमका त्या एका सणाला शेणाखाली गेला होता.

मी ताट त्यांच्यासमोर ठेवलं आणि मला जे योग्य वाटलं ते सांगितलं. “मास्तर, तुमाले इतकी सालं लागली. तथीसा अमरावतीत बसलेल्या वकिलाले, डाक्तराले आकडा तोडाले किती लागतीन? जाऊन सांगा का तुटत नाई, जागा घ्या, पोरी घेऊन या. मंग आकडा तोडा आरामानं.”

मास्तर म्हणाले, “मावशी, तुमच्या पाटीत एक संत्रं सडकं निघालं तर तुमी काय करता?”

“गिऱ्हाइकाले दाखवून फेकतो.”

“मंग?”

“मंग काय. संत्रं आन् नोकरी एक हाये काय?” मी म्हटलं आणि ताट पुढं सरकवलं. ते पुरणपोळी जेवले. सगळी जेवले, हे मला चांगलं आठवतं.

माझी लेक अमरावतीत दिली आहे. तिच्याकडं जायचं म्हणून मी मास्तरांबरोबर निघाले. खरं कारण विचाराल, तर मास्तर तिथं काय करतात ते मला पाहायचं होतं. बडनेऱ्याला गाडी बदलली. मी तोंडल्यांची टोपली मांडीवर घेऊन बसले होते. मधेच मास्तर म्हणाले, “यमुनेनं भांडी बांधली असतीन.” मी म्हटलं, “बांधली असन तं सोडीन. हात हायेत तिले.”

शाळेचा हॉल भरला होता. वकील होते, मास्तर लोक होते, वरच्या वर्गातली मुलं होती. मी दाराशी बायकांच्या बाजूला टोपली घेऊन उभी राहिले. अमरावतीच्या हेडमास्तरांनी मोठी ओळख करून दिली. ज्यांनी अकरा एकांचा आकडा अभंग असल्याचं दाखवलं ते हे शिक्षक, वगैरे. टाळ्या पडल्या. मास्तर उठले आणि म्हणाले, “तो आकडा तुटतो. मला चार दिवसांपूर्वी कळलं. कसा तुटतो ते दाखवतो.”

फळ्यावर त्यांनी ते दोन तुकडे एकाखाली एक लिहिले आणि गुणाकार मांडला. ओळी झाल्या, खाली रेघ मारली आणि उजवीकडून बेरीज सुरू केली. पहिला एक पडला. मी सवयीनं “लाभ” म्हणाले, शेजारची बाई वळून बघू लागली. दुसरा एक पडला. तिसरा पडला. मागच्या बाकावरची मुलं हळूहळू मोजू लागली. चार. पाच. पुढचे वकीलही मोजू लागले. शेवटचा एक पडला, तेव्हा अख्खा हॉल “अकरा” म्हणाला. मी देवळातही असा एक आवाज क्वचित ऐकला आहे.

मग एक वकीलसाहेब उठले. “मास्तर, तुटतो तर आम्हाला बोलावलं कशाला?”

“तुटतो हे सांगायला,” मास्तर म्हणाले.

“पण चूक झाली कशी?”

मास्तरांनी पोळ्याची, ओसरीची हकिकत सांगितली. हॉलभर हशा पिकला. कोणीतरी म्हणालं, म्हणजे गणित शेणात गेलं. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, “शेणाचा दोष नाही. ओसरी मावशींची आहे आणि पोळ्याला सगळीकडं सारवतात, माझ्या घरीही सारवतात. मी कोरी जागा पाहिली आणि काम झालं असं धरून चाललो. चूक तिथं आहे.” मी दाराशीच उभी होते, हे त्यांना ठाऊक होतं. पण त्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं नाही.

ती जागा त्या वर्षी दुसऱ्या शिक्षकांना मिळाली. हेडमास्तरांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्या गोष्टीसाठी बोलावलं, तीच माणसानं भर सभेत मोडून दाखवली, तर नागपूरला लिहायचं तरी काय?

परतताना गाडीत मी विचारलं, “यमुनाबाईले काय सांगान?”

“कुठवर आलं ते सांगीन.”

“कुठवर आलं?”

“पोचलं,” मास्तर म्हणाले आणि खिडकीला डोकं टेकून झोपी गेले. इतक्या वर्षांत त्यांना असं निवांत झोपलेलं मी पाहिलं नव्हतं.

अकोल्याला आल्यावर मी कांद्यांची खोली रिकामी केली. कांदे तसेही त्या खोलीत टिकत नव्हते. मास्तरांना म्हटलं, “दर्यापूरले निरोप पाठवा. भांडी बांधलीच हायेत, तं सोडाले लावू नका.” ते काहीतरी बोलू लागले, तेव्हा मी त्यांना सांगितलं, की भाडं दोन खोल्यांचं नाही, कांद्यांनी कधी भाडं दिलेलं नाही. दिवाळीच्या आधी यमुनाबाई दोन मुलींना घेऊन आल्या. आल्या आल्या त्यांनी ओसरी पाहिली आणि म्हणाल्या, “आता अथीसा सारवाचं मी पाहीन.” पुढच्या सोमवारी शेण कालवून उभ्या राहिल्या आणि नवऱ्याला विचारलं, “पुसू काय?” मास्तरांनी मान हलवली, मग पुसलं. तेव्हापासून आमच्या घरात विचारल्याशिवाय ओसरी सारवत नाहीत. पुढं मास्तर अमरावतीला गेले, त्यालाही इतकी वर्षं झाली, ओसरीवर आता आकडा नसतो, तरी माझी नातसून पाटी घेऊन आली की दारातून विचारते, “पुसू काय?” कोणाला विचारते, ते तिलाही ठाऊक नाही.

बाजारात मात्र काही दिवस माझ्या नावानं बोललं गेलं. एक जण म्हणाला, गिरजाबाईनं मास्तरची नोकरी सारवली. त्याला मी वर एक देणं बंद केलं. मास्तरांच्या कानावर ते गेलं, तेव्हा ते त्याच्या दुकानी जाऊन सगळी हकिकत पहिल्यापासून सांगून आले. मला वाटतं, तो माणूस एवढं गणित ऐकून थकला असावा. पुन्हा काही बोलला नाही.

अमरावतीला मास्तर गेले ते काही वर्षांनी, त्याच हेडमास्तरांच्या बोलावण्यावरून. ते म्हणाले म्हणे, की माझ्या मुलांना हिशेब शिकवणारे पुष्कळ मिळतात, मला तो गुणाकार करणारे मास्तर हवेत. गाडीत सामान चढवताना मास्तरांनी माझा शिरगोळ्याचा खडा परत दिला. मी म्हटलं, ठेवा. ते म्हणाले, तो तुमच्या रांगोळीतला आहे. शेवटी यमुनाबाईंनीच तो हातातून घेऊन पदरात बांधला.

त्यांच्या स्वभावाबद्दल मी वेगळं काय लिहू? त्यांच्या वर्गात चुकलेल्या मुलाला मार बसत नाही, असं सगळे सांगतात. मला त्यात नवल वाटत नाही. आपण केलेलं काम मधूनच पुसलं जाऊ शकतं आणि वरून जमीन छान कोरी दिसते, हे ज्याला एकदा कळलं, तो मुलाला मारणार कशासाठी? तो विचारणार, कुठं सारवलं. मुलानं शोधायचं, आपल्या हातानं पुन्हा भागायचं. आज मोठे झालेले किती तरी लोक या ग्रंथात लिहीत असतील, त्यांनी ते एकदा तरी ऐकलं असेल.

आता शुभेच्छा. साठ हा आकडा मला आवडतो. दोनच्या ओळींत बसतो, तीनच्या, चारच्या, पाचच्या, सहाच्या, दहाच्या, बाराच्या बसतो. मास्तरांची साठ वर्षंही तशीच वाटली गेली. शाळेनं घेतली, मुलांनी घेतली, यमुनाबाईंना, मुलींना मिळाली, थोडी माझ्या ओसरीला आली. कोणालाच अपुरी पडली नाहीत. आता त्यावर एक. एकसष्ट. तो कशानंही भागत नाही, हे मी तोंडल्यांवर मांडून पाहिलं आहे. ते वर्ष मास्तरांनी कोणालाही वाटू नये, स्वतःला ठेवावं, पोटभर जेवावं आणि दुपारी झोपावं. पुढं असे हट्टी आकडे आणखी आहेत, सदुसष्ट आहे, एकाहत्तर आहे, त्र्याण्णव म्हणणार होते पण ते तीननं तुटतं. त्या प्रत्येकावर त्यांनी धडधाकट पायांनी पोचावं, यमुनाबाईंनी बरोबर असावं आणि दारातच विचारावं, कुठवर आलं.

एकशे एक हा आकडाही तुटत नाही, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. मला खात्री नाही. त्या वर्षी त्यांनी अकोल्याला यावं, संत्र्यांच्या दिवसांत. मी तोवर नसले, तरी पाटी असेल आणि ओसरीही असेल. शंभर संत्री मोजून घ्यावीत, वर एक घ्यावं आणि मांडून दाखवावं. ओसरी सारवायची की नाही, ते घरातलं कोणीतरी त्यांना आधी विचारेल.

गिरजाबाई, अकोला